दादांच्या देखत सोडलेला मासा

ही गोष्ट बायकोला माहीत नाही. माझ्या वडिलांना, आबांना नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या मिलिंदला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तुमच्यापाशीही गप्पच बसलो असतो. फक्त ऐकताना ‘अहो, मासाच तर होता’ असं म्हणू नका. तसं म्हणणाऱ्याचा मला राग येतो. मी स्वतःलाच किती दिवस तेच ऐकवत होतो, त्यामुळे ते वाक्य किती पोकळ आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

रागावरूनच सुरू करतो. संजय लवकर तापतो, असं घरी म्हणतात. चूक आहे ते. लवकर तापणारा माणूस बरा. भांडं आपटतो आणि मोकळा होतो. माझा राग आत जाऊन बसतो. वर मी हसत असतो, चहा मागवत असतो.

मिलिंद आणि मी वालचंदनगरच्या शाळेत एका वर्गात. मी कळंबहून सायकलवर यायचो, तो तिथंच स्टाफ क्वार्टर्समध्ये राहायचा. त्याचे वडील, दादा, कंपनीत टर्नर होते. ते बौद्ध, आम्ही मराठे. आम्हाला कधी फरक जाणवलाच नाही — असं मी लोकांना सांगत असतो. खोटं आहे. जाणवायचा. पावसात भिजून शाळेत पोचलो की दादा त्यांचा कोरडा शर्ट मला घालायला द्यायचे, आणि संध्याकाळी कळंबच्या अलीकडं सायकल थांबवून मी तो शर्ट दप्तरात कोंबायचो. तसं करायला मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

पुढं मिलिंद लहान मुलांचा डॉक्टर झाला. इंदापुरात खाली दवाखाना, वर घर. मी बारामतीत खतं-बियाण्यांचं दुकान टाकलं, चांगलं चाललं. मैत्री टिकली. खरंच टिकली — म्हणून तर पुढचं सांगायला जड जातंय.

त्याच्या हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी होती. नेहमीच्या फिश टँकसारखी नव्हे. आत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ — जांभळं, हिरवं, पाण्याच्या झोताबरोबर डुलणारं. बोटाएवढे तुकडे लावून त्यानं ते वर्षानुवर्षं वाढवलं होतं. तुकडे वाढून एकमेकांत मिसळले होते, दगडाला दगड चिकटून एकच डोंगर झाला होता. इंदापूरच्या उन्हातून त्या हॉलमध्ये शिरलं की माणूस बोलायचं विसरायचा.

मला तसली टाकी हवी झाली. तसली नव्हे — तिच्याहून मोठी.

मिलिंदनंच उभी करून दिली. पाण्यात मीठ किती, फिल्टरचं पाणी कुठलं, मासे टाकायला घाई का करायची नाही, सगळं त्यानं शिकवलं. त्याच्या टाकीतले प्रवाळाचे तुकडे कापून आणून माझ्या दगडांवर चिकटवले. तो सांगायचा, मी मान डोलवायचो. आतून दात आवळलेले असायचे. का? माझं भलं करणाऱ्या माणसावर मी का चिडत होतो? तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं असं म्हणालो तर तेही खोटंच.

पुण्याच्या दुकानात मी तो मासा पाहिला. काळाभोर, नखाएवढा, कपाळावर एक पांढरा ठिपका आणि दोन्ही कुशींवर एकेक. माझ्या मुलीनं तिथंच त्याचं नाव टिकल्या ठेवलं. मिलिंद सोबत होता. म्हणाला, हा डोमिनो, घेऊ नकोस, मोठा झाला की कुणाला जगू देणार नाही. त्यानं नको म्हटलं म्हणून मी घेतला. दुसरं काही कारण नव्हतं.

वर्षभरात टिकल्या तळहाताला भरेल एवढा झाला आणि टाकी त्याची झाली. हौसेनं आणलेला पिवळा मासा त्यानं टिकू दिला नाही. केशरी माशांची जोडी वरच्या कोपऱ्यात हीटरमागं अंग चोरून राहायची, शेपट्या कुरतडलेल्या. खाणं टाकायला हात घातला की माझ्या बोटांवर धावून यायचा. जाळं घातलं की दगडांच्या कपारीत गडप. बाटली कापून सापळा केला, आत कोळंबीचा तुकडा ठेवला. बाकीचे सगळे आत गेले, हा बाहेरून बघत राहिला. मी काचेवर मूठ आपटली. मुलगी हसली.

शेवटी एका रविवारी मिलिंद आला. दवाखान्याला सुट्टी होती, ती त्यानं माझ्या हॉलमध्ये घालवली. बाह्या वर करून, एकेक दगड काढून टबात ठेवत, पाणी उपसत. पाणी वीतभर उरलं तेव्हा टिकल्याला लपायला जागा राहिली नाही. मिलिंदनं दोन जाळ्यांच्या मध्ये त्याला अलगद धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आबा कळंबहून आले होते, सकाळपासून खुर्ची टाकून बघत बसले होते. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमी हाय म्हणून झालं. आमच्या ह्येला कुटलं जमतंय? नुसता पैका घालायचा आन् वरडायचं.”

मिलिंद हसला. ओल्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आबा, त्याला आधीच सांगितलं होतं. पण संज्या कुणाचं ऐकतो का?”

बस. एवढंच. यात चिडण्यासारखं काय आहे, सांगा ना? दुसऱ्या कुठल्या मित्रानं म्हटलं असतं तर मी शिवी हासडली असती आणि दोघं हसलो असतो. पण माझ्या घरात, माझ्या बापासमोर, मिलिंदनं मला शहाणपण शिकवावं — आणि माझ्या बापानं त्याला साहेब म्हणावं! माझ्या मनात त्या क्षणी एक शब्द आला. जातीचा. तो मी इथं उच्चारणार नाही. पण तो आला, आणि आपसूक आला, इतकी वर्षं तिथंच दाराआड उभा असल्यासारखा. आबा सातवी शिकलेले. त्यांच्या तोंडी तो शब्द मी मिलिंदच्या बाबतीत कधी ऐकला नाही. मी बी.एस्सी. ॲग्री. माझ्या मनात तो होता.

मी हसलो. मिलिंदला जेवायला आग्रह करून वाढलं.

टिकल्याला मागच्या अंगणात निळ्या ड्रममध्ये ठेवलं. हवेचा पंप, हीटर, सगळं मिलिंदनंच लावून दिलं. म्हणाला, पुण्याच्या दुकानदाराशी मी बोलतो, तो परत घेईल. मी पुण्याला गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. रोज ड्रमचं झाकण उचलून बघायचो. मासा गोल गोल फिरायचा, आणि मला मिलिंदची ती थाप आठवायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मिलिंद आणि त्याची बायको नागपूरला लग्नाला निघाले. दादा घरीच राहणार होते. त्यांना आदल्या वर्षी लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, लिहायचा हात गेला. डोकं मात्र शाबूत होतं, सगळं कळायचं. दिवसभर ते टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचे. त्या टाकीत फायरफिशची एक जोडी होती. बोटाएवढे मासे, पुढून पांढरे, मागून निखाऱ्यासारखे लाल, पाठीवर लांब तुरा. झोतात एका जागी तरंगत राहायचे. दादा डाव्या हाताचं बोट काचेला लावायचे आणि ती दोघं तिथं यायची. दादांना हसताना मी पाहिलं ते फक्त तेव्हा.

दादांना सांभाळायला शोभामावशी होत्या, पण टाकीचं त्यांना काही समजत नव्हतं. माझी इंदापूर बाजूला दुकानाची फेरी असायचीच. मिलिंद म्हणाला, “जाता-येता माशांना खायला घालशील? दुसऱ्या कुणाच्या हाती टाकी द्यायला भीती वाटते.”

दुसऱ्या कुणाच्या हाती!

मी टिकल्याला जाड पिशवीत पाणी घालून बांधला आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला. लासुर्ण्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं बराच वेळ अडकलो. मागं फिरता आलं असतं. हे मुद्दाम सांगतोय — रागाच्या भरात हातून घडलं, अशी तुमची समजूत व्हायला नको. मला विचार करायला भरपूर वेळ होता, आणि मी विचार केला. डोमिनो एकदा त्या डोंगरात शिरला की डोंगर फोडल्याशिवाय निघणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मिलिंदनंच शिकवलं होतं.

शोभामावशी आत भाकरी करत होत्या. दादा खुर्चीत होते. मला बघून त्यांनी डावा हात उचलला, नेहमीसारखा. मी “काय दादा, बरं हाय न्हवं?” म्हणालो, टाकीवरची जाळी सरकवली, पिशवी फोडली आणि टिकल्याला आत सोडला.

दादांनी पाहिलं. त्यांनी पिशवी पाहिली, मासा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना पाठ करूनही उभा राहू शकलो असतो. राहिलो नाही. ते कुणाला सांगू शकणार नाहीत, हे मला माहीत होतं. सांगणारं माणूस त्या खोलीत असतं तर माझी हिंमत झाली असती का? नसती झाली.

जाळी मी नीट बसवली की नाही, ते आठवत नाही. — नाही. आठवतं. बसवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर शोभामावशी दारातच म्हणाल्या, “भाऊ, त्यो लाल मासा भाईर पडला वो! दादा हात आपटत व्हते खुर्चीवर, मला वाटलं च्या मागत्यात. च्या घिऊन आले तर ह्यांच्या पायापाशी पडल्याला, वाळून गेल्याला. आन् दादा कसं रडत व्हते... मला काय ठावं, तुमीच सांगा!”

टिकल्यानं पिटाळल्यावर फायरफिश उडी मारून बाहेर पडला होता. दादांच्या पायाशी तडफडत होता. वाकून उचलायला त्यांना अंग साथ देत नव्हतं, हाक मारायला आवाज नव्हता. एकच हात होता, तो ते आपटत राहिले. चहा येईपर्यंत.

मी काय केलं? जाळी बसवली. शोभामावशींना म्हणालो, होतं असं कधीकधी, तुमची काही चूक नाही. दादांकडं बघितलं नाही. दुसरा फायरफिश दगडाआड कुठं होता, तो मला पुन्हा कधीच दिसला नाही. टिकल्या मधोमध फिरत होता.

गाडीत बसून मिलिंदला फोन लावला. म्हणालो, अरे, ड्रमचा पंप बंद पडला, मासा मरायला टेकला होता, काही सुचेना म्हणून तुझ्या टाकीत सोडला, चुकलंच माझं. तो म्हणाला, “जाऊ दे रे. डोळ्यांदेखत मरू द्यायचा का? मीही तेच केलं असतं.”

पंप चालू होता. घरी गेलो तेव्हाही रिकाम्या ड्रममध्ये बुडबुडे येत होते. तो आवाज ऐकून मी इतका भडकलो की पंप उचलून भिंतीवर मारला. आता तो खरंच बंद पडला होता. पाहिलंत? खोटंसुद्धा मी असं खरं करून घेतलं.

नागपूरहून आल्यावर मिलिंदनं सापळे लावले, वाट पाहिली. काही उपयोग झाला नाही; उरलेले मासे एकेक करून जात राहिले. शेवटी त्यानं टाकी फोडायची ठरवली आणि मदतीला मला बोलावलं. मी गेलो. न जाऊन संशय कशाला ओढवून घ्यायचा, हा माझा हिशोब. एकजीव झालेला तो डोंगर छिन्नीनं फोडावा लागला. प्रवाळ तुटताना एक बारीक आवाज होतो, खडीसाखर दाताखाली आल्यासारखा. मिलिंद तुटलेले तुकडे माझ्या हातात देत होता, मी ते बादलीत ठेवत होतो. मध्येच त्यानं तोंड फिरवून कोपरानं डोळे पुसले आणि म्हणाला, खारं पाणी गेलं.

दादा त्यांच्या खुर्चीतच होते. टिकल्या जाळ्यात आला तेव्हा त्यांनी डावा हात उचलला. या वेळी पंजा नव्हता, बोट होतं. आधी जाळ्यातल्या माशाकडं, मग माझ्याकडं. पुन्हा माशाकडं, पुन्हा माझ्याकडं. घशातून आवाज काढत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

मिलिंदनं वळून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्या दिवसात पहिल्यांदाच. “बघ संज्या, दादा तुला बोलवतायत. शाळेपासून तुझ्यावर किती जीव त्यांचा. जा ना, जवळ जा.”

मी गेलो. खाली बसलो. “व्हय दादा, मीच हाय, संजय,” म्हणालो. माझ्याकडं रोखलेलं ते बोट दोन्ही हातांत घेतलं. मिलिंद बघत होता म्हणून हसलो — आणि जोर लावून त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर दाबून धरला, तो धडपडायचा थांबेपर्यंत.