डाव्या बाजूच्या फायली

श्री. यशवंत सोनवणे यांची आणि माझी पहिली भेट रुग्णालयाच्या तळघरात झाली. इंदूरच्या एका धर्मादाय रुग्णालयात, कर्करोग विभागात, मी डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते आणि मला एक जुनी फाईल हवी होती. सोनवणेजी तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये रोजंदारीवर काम करीत. त्यांचे आजोबा महूला फौजेत होते, वडील कापड मिलमध्ये. ते स्वतः परदेशीपुऱ्याजवळच्या मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी खात्यात, वीस वर्षं कारकून होते. पाळी बदलताना शेकडो कामगार त्यांच्या खिडकीशी थांबून दोन शब्द बोलून जात. मिल बंद पडली आणि ते या खोलीत एकटे येऊन बसले. फाईल हातात देताना ते म्हणाले, "बसा ना मॅडम, दोन मिनिट. सकाळपासून कोणाशी बोललो नाही."

मला घाई होती. मी बसले नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी ते स्वतःच वर आले. हातात सात फायली होत्या.

"मॅडम, एक बात विचारू का? या सगळ्या पेशंटला दहा-बारा साल पहिले आपल्याकडे सिकाई झाली आहे." आमच्याकडे रेडिएशनला सगळे सिकाईच म्हणतात. "आता यांच्या फायली हार्ट वॉर्डवाले मागवतात. सगळ्या छातीच्या आहेत, और जादातर डाव्या बाजूच्या. उजव्या बाजूची फाईल सहसा कोणी मागत नाही."

वय झालं की हृदयाचं दुखणं येतंच, तुम्ही फायली जागेवर ठेवा, असं मी त्यांना सांगितलं. ते "जी" म्हणाले आणि खाली गेले. हा प्रसंग या गौरवलेखात लिहावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. तो वगळला तर सोनवणेजींचा मोठेपणा सांगताच येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तीन महिन्यांनी शकुंतलाबाई गेल्या. एका मिल कामगाराच्या पत्नी. वय पंचेचाळीसच्या आत. तंबाखू नाही, साखर नाही, रक्तदाब नाही. डाव्या स्तनाच्या कर्करोगातून त्या पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. दम लागतो म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या, तेव्हा गाठ परत आली नाही ना, एवढंच मी पाहिलं आणि टॉनिक लिहून दिलं. पुढच्याच आठवड्यात त्यांना हार्ट अटॅक आला. हृदयरोगतज्ज्ञांनी मला विचारलं, "यांना छातीवर रेडिएशन दिलं होतं का?"

मी फाईल आणायला तळघरात गेले. ज्यांना अजून काही झालेलं नव्हतं अशा जुन्या पेशंटांचीही सोनवणेजींनी एक यादी केली होती. शकुंतलाबाईंचं नाव त्यात होतं.

"यांच्या घरी जायचं मनात होतं," ते म्हणाले. "पण मी काय सांगणार? मी डॉक्टर नाही."

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसले आणि मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. किरण गाठीवर सोडतात, पण छातीच्या डाव्या बाजूला त्याच वाटेवर हृदय असतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. ती दुखत नाही. वर्षानुवर्षं आतल्या आत सूज राहते, भिंत जाड होते, नळी अरुंद होत जाते. कधी हृदयाची झडप कडक होते. पाठ्यपुस्तकात याविषयी दोन ओळी होत्या. मी त्या वाचून सोडून दिल्या होत्या.

"मग सिकाई द्यायला नको होती?"

"नसती दिली तर त्या तेव्हाच गेल्या असत्या."

"मग दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, मॅडम. पहिले त्यांच्या मुलीला. मी येतो सोबत."

आम्ही गेलो. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. "आईला बारा साल मिळाले, ते खरं," ती म्हणाली. "पण हे आधी का नाही सांगितलं?" सोनवणेजींनी हात जोडले आणि आम्ही उठलो.

त्यानंतर दर रविवारी ते यादी घेऊन सायकलने निघत. मिल्स बंद झाल्या तशी यादीतली माणसं पांगली होती. चाळीत कुलूप असे, शेजारी नवे असत. नावापुढे "भेटले नाहीत" असं लिहून ते परत येत. आमच्या वरिष्ठांना हे पसंत नव्हतं. लोक घाबरतील आणि सिकाई अर्ध्यावर सोडतील, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. पण त्या नाराजीचा भार सोनवणेजींवर पडला. कॅन्टीनमध्ये ते आले की टेबलावरचं बोलणं थांबे, आणि पुढे ते डबा खालीच खाऊ लागले. पत्नी मिल बंद पडण्याआधीच वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. घरीही विचारणारं कोणी नव्हतं. तक्रार मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

इंदूरजवळच्या बेटम्याला त्यांना किशनलाल सापडले. पूर्वी मिलमध्ये लूमवर होते, आता भाजी विकत. तरुणपणी गळ्यातल्या आणि छातीतल्या गाठींसाठी त्यांना सिकाई झाली होती. "सोनवणे बाबू, मैं तो कब का ठीक हो गया," ते हसून म्हणाले.

"ठीक हो गए, इसीलिए तो आया हूँ."

सोनवणेजी दुपारभर त्यांच्या हातगाडीशेजारी बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बसने घेऊन आले. झडप कडक झाली होती. वेळेत ऑपरेशन झालं. किशनलाल आज नातवंडांत आहेत, आणि दिवाळीला सोनवणेजींना न चुकता भेटायला येतात.

आज आमच्या विभागात छातीवर सिकाई घेणाऱ्या प्रत्येकाला हा धोका आधीच सांगितला जातो, आणि पुढची अनेक वर्षं हृदयाची तपासणी होते. किरण हृदयापासून दूर ठेवण्याच्या रीतीही आता सुधारल्या आहेत. नवीन डॉक्टरांना वाटतं, हे असंच चालत आलं आहे. सोनवणेजींनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

त्यांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. दीर्घायुष्य चिंतताना माझं पेन जरा अडतं. लांबलेलं आयुष्य एकट्याने काढणं किती अवघड असतं, ते मी त्यांच्याकडे पाहून शिकले आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी त्यांनी पाहावी. आणि हा गौरवग्रंथ वाचणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: त्यांच्या घरी जा, आणि घाई असली तरी बसा.