ओव्लाचा योइक

आमची रिस्तेनआत्या भोळी आहे, असं ओस्लोहून आलेल्या लेखिकेला वाटलं. हेगे लिंडबॅक तिचं नाव. असा समज आमच्या गावात कोणी करून घेत नाही. रिस्तेनआत्यापुढे गावचा पाद्रीसुद्धा जपून बोलतो.

हेगेबाई दोन हिवाळे आत्याकडे येत राहिल्या. कॉफीत चीजचे तुकडे पडले की चेहरा वाकडा व्हायचा, पण घोट घेत राहायच्या. वही उघडी, पेन टकटक, आणि तोंडी एकच प्रश्न, "आणि मग?" आत्याने रेनडियरच्या कळपाचं सांगितलं, "आणि मग?" भाऊ ओव्ला एकोणिसाव्या वर्षी बर्फ फुटून नदीत गेला ते सांगितलं, "आणि मग?" मग आत्याने त्याचा योइक, म्हणजे आम्हा रेनडियर पाळणाऱ्यांत एकेका माणसावर रचतात ते गाणं, गाऊन दाखवला. शब्द दोन-चार, बाकी नुसता सूर. ओव्लाचा फोटो नाही, नदीने प्रेतही दिलं नाही. त्याचं म्हणून उरलंय ते एवढंच.

पुस्तक आलं, बक्षीसही मिळालं, हजारो प्रती खपल्या. मागच्या कव्हरवर बाईंचा आमच्या पोशाखातला फोटो, कमरपट्ट्याला गोल बटणं. आमच्याकडे गोल बटणं लग्न न झालेल्यांची, चौकोनी झालेल्यांची.

"तिसरा नवरा आहे ना हिला?" आत्या म्हणाली. "बिचारीला कोणी सांगितलेलं दिसत नाही. स्थळं बघायला घ्या रे!"

एकशेबाराव्या पानावर मात्र तिचं हसू विझलं. तिथे ओव्लाचाच योइक होता, पण कादंबरीतल्या कुण्या निल्सच्या नावाने. रेडिओवर बाई म्हणाल्या, "एका रात्री तो मला आपोआप सुचला."

योइक करणाऱ्याचा नसतो, ज्याच्यावर केला त्याचा असतो. तो दुसऱ्याच्या नावाने गायला की पहिल्या माणसाला पुसल्यासारखंच. आत्या आठवडाभर कोणाशी बोलली नाही. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बाईंचा फार राग आला.

मे महिन्यात आमच्या वाचनालयाने बाईंना बोलावलं. मी तिथेच कामाला, खुर्च्या मीच मांडल्या. चाळीस माणसं आली, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. वाचन झाल्यावर आत्या उठली. पट्ट्याला चौकोनी बटणं, नवरा जाऊन वीस वर्षं झाली तरी.

"तुझ्यासाठी काहीतरी आणलंय गं," म्हणाली, आणि गायला लागली.

सूर वर चढायचा, पेनासारखा टकटक करायचा, कॉफीच्या घोटाला अडखळायचा आणि येऊन टेकायचा "आणि मग? आणि मग?" वर. हुबेहूब हेगेबाई! पहिल्या ओळीतले म्हातारे डोळे पुसत हसत होते. बाईसुद्धा हसल्या, कानापर्यंत लाल होऊन.

"किती सुंदर! कोणी रचला?"

"असं नाही विचारत आमच्याकडे. कोणाचा, असं विचारायचं. हा तुझा. मी मेले तरी तुझाच. खुशाल पुस्तकात घाल."

"माझा?"

"तुझा तुला दिला. आता माझ्या भावाचा मला दे."

बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी समोरचं पुस्तक ओढलं, एकशेबारावं पान काढलं, निल्सवर रेघ मारली.

"ओव्लाचं पूर्ण नाव सांगा ना," त्या म्हणाल्या.

मग रांग लागली. त्या दिवशी बाईंनी स्वतःची सही एकाही पुस्तकावर केली नाही. चाळीस वेळा निल्स खोडला, चाळीस वेळा ओव्लाचं नाव लिहिलं. शेवटची प्रत आत्याची. तिने त्या नावावरून बोट फिरवलं, डोळे मिटून सूर अगदी हळू गुणगुणला. मी खुर्च्या गोळा करायचं सोडून उभीच राहिले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पर्स उचलली.

आत्या त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसली.

"या चाळीस झाल्या," ती म्हणाली. "आणि मग?"