सुतकातला नैवेद्य

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कुत्र्याचे केस विंचरायचं. दुपारी ओट्यावर बसलो होतो. मी त्याचे पाय धरले होते आणि बायको बारीक फणीनं गाठी सोडवत होती. पामेरियन जात. पांढरं, चार किलोसुद्धा नाही, पण केस एवढे की भिजल्यावरच कळतं खरं कुत्रं केवढं आहे ते. उजवी बाजू झाली. डावीकडं वळवलं तर ती म्हणाली, "हात भरून आला ओ. ही बाजू उद्या करू."

मी म्हणालो, "कुत्र्याचे केस विंचरून कुणाचा हात भरून येतो का? दिवस दिवस झेंडू तोडायची तू."

ती हसली. फणी पदरानं पुसली, कोनाड्यात ठेवली आणि जरा पडते म्हणून आत गेली. दिवेलागणीला हाक मारायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुखणं कधी कधी हातातून सुरू होतं म्हणे. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

कुत्रं मूळचं आमच्या पोरीचं. ती पुण्याला नोकरीला. सहा वर्षांपूर्वी घर बदलायचंय, पंधरा दिवस ठेवा म्हणून आणून सोडलं ते इथंच राहिलं. मी तेव्हा म्हणालो होतो, शेतकऱ्याच्या घरी हे कशाला, याच्यावर तर मांजर भुंकेल. पण डोकं लय चालायचं त्याचं. बायको माळा ओवायला बसली की दोऱ्याची गुंडी तोंडात धरून आणून द्यायचं. माझा टेम्पो कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, हे त्याला नाक्यावरूनच कळायचं. उन्हाळ्यात तिनं ओलं पोतं टाकलं की त्याच्यावर जाऊन पसरायचं, आणि पोतं वाळलं की तिचा पदर ओढायचं.

त्याचं खाणंपिणं मात्र मी कधी पाहिलं नाही. मी पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचो, यायला दहा वाजायचे. संध्याकाळी वावरात पाणी द्यायला. कुत्र्याला बिनमिठाची भाकर दुधात कुस्करून लागते, एवढं माहीत होतं. नाव होतं त्याला, पण मी नुसतं "ए" म्हणायचो.

बायको गेली त्या दिवशी कुत्र्यानं काय खाल्लं, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या पोरीनं भाकर-दूध ठेवलं. त्यानं वास घेतला आणि मागं सरकलं. तिसऱ्या दिवशी तसंच. पाणी तेवढं प्यायचं. सकाळ झाली की देव्हाऱ्यासमोर जाऊन बसायचं. देव्हाऱ्याला पडदा लावलेला. आमच्यात सुतक फिटेपर्यंत देव झाकून ठेवतात, पूजा नाही, दिवा नाही. तरी हे तिथं बसायचं. भेटायला येणारी माणसं बघायची आणि हात जोडायची. एक बाई म्हणाली, "मागच्या जन्माचा साधू आहे हो." मी मनात म्हणालो, साधू आहे तर मग खात का नाही?

एकानं द्राक्षांची पेटी आणून ठेवली होती. मी एक मणी त्याच्यापुढं धरला. गोड लागेल, निदान एवढं तरी खाईल, असं वाटलं. त्यानं मान फिरवली. पोरगी धावत आली आणि हातातून मणी हिसकावला. "बाबा, द्राक्ष विष असतं कुत्र्याला. आईनं त्याला शिकवून ठेवलंय, खाली पडलेलं द्राक्षसुद्धा घेत नाही ते."

नाशकात राहायचं आणि द्राक्ष विष. हे कुत्र्याला माहीत होतं, मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "आजार काही नाही. मनाला लावून घेतलंय. पण एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. दोन दिवसांत खाल्लं नाही तर अवघड आहे." पोरीनं तिथंच ठरवलं. परवा ती तीन-चार दिवसांसाठी पुण्याला जाणार होती, दहाव्याला परत येणार होती. कुत्र्याला घेऊनच जाते म्हणाली. तिथं मोठा दवाखाना आहे. आणि बरं झालं तरी तिथंच राहू दे. "तुमच्याच्यानं व्हायचं नाही, बाबा."

मी म्हणालो, "ने." म्हणालो खरा, पण घरी येऊन त्याला कोपऱ्यात बसलेलं बघितलं. एका अंगानं मऊ, दुसऱ्या अंगानं गाठीच गाठी. फणी घेऊन बसलो तर माझ्यावर गुरकावलं. हे पण गेलं तर या घरात तिच्या हातचं काय राहतं, हे मला कुणाला विचारता येईना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या घरात आरती सुरू झाली. घंटी वाजली. कुत्रं ताडकन उठलं. आपल्या ताटलीपाशी गेलं, सरळ बसलं, जीभ बाहेर काढून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिलं. भूक होती त्याला. चांगली होती. शेजारची घंटी थांबली. ते थोडा वेळ तसंच बसलं आणि मग परत कोपऱ्यात जाऊन पडलं. ताटलीत दूध-भाकर होती, तिला तोंड लावलं नाही.

मी पोरीला विचारलं, "तुझी आई याला खायला कसं द्यायची?"

"मला काय माहीत? इथं तुम्ही राहता."

माझी थोरली बहीण दुखवट्याला येऊन राहिली होती. ती भिंतीला टेकूनच म्हणाली, "नैवेद्य झाला की द्यायची. देवाच्या आधी या घरात कुणी तोंड लावायचं नाय, असा नेम होता तिचा. कुत्र्याला पण तोच. घंटी वाजवायची, ताटाभोवती पाणी फिरवायची, मग त्याच्या ताटलीभोवती फिरवायची. मग ते खायचं. मी आले की बघायचे ना."

"मग सांगितलं का नाही, आक्का?"

"सांगून काय? सुतकात नैवेद्य असतो का?"

चाळीस वर्षं मी बाजारात सहा वाजता चहा-खारी खात आलो. देवाच्या आधी. तिनं एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. मला सोडून घरातलं कुत्रं धरलं नेमात.

मी म्हणालो, "उद्या सकाळी घंटी वाजवतो."

"डोकं फिरलं का तुझं? दहावा नाय झाला अजून. तिच्या जिवाला काय लागलं तर?"

"तिनं वाढवलेलं जनावर उपाशी मेलं तर लागणार नाय का?"

"देवाची वस्तू आहे ती."

"देवाला नाय वाजवत. कुत्र्याला वाजवतो."

 आक्का तोंड फिरवून पडून राहिली. मलाही माझं बोलणं धड पटलं नव्हतं. देवाला सोडून घंटी वाजवता येते का, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंघोळ केली. पोरीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, वर कुत्र्याचा पट्टा. आधी मी जुन्या सायकलची घंटी काढून वाजवून बघितली. म्हटलं, देव्हाऱ्याला हात लावायला नको. कुत्र्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळलो. मग पडद्याच्या कडेनं हात घालून पितळेची घंटी काढली. देव उघडे केले नाहीत. भाकर-दूध कुस्करून ताटली ठेवली आणि वाजवली.

ते येऊन बसलं. माझ्या हाताकडं बघायला लागलं. मी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन ताटलीभोवती फिरवलं. ती तोंडानं काही म्हणायची का, ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "घे." ते हललं नाही. मग मी पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. त्यानं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि खाली मान घातली. ताटली चाटूनपुसून रिकामी केली.

आक्का दारात उभी होती. तिनं माझ्या हातातून घंटी घेतली, पुसली आणि पडद्याआड ठेवली. मी चुकलो की बरोबर केलं, मला अजून कळत नाही. नैवेद्य कुणाला दाखवला, तेही नाही. मी दाराशी गेलो, पोरीच्या पिशवीवरचा पट्टा उचलला आणि परत भिंतीवरच्या त्याच्या खिळ्याला अडकवला.