खडकीच्या आत्या आणि नागपूरच्या बाई

पुण्यात हार न मानणारी माणसं पुष्कळ सापडतील. पण स्वतः हरून जिंकणाऱ्याला अपराधी वाटायला लावणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे माझ्या नवऱ्याच्या खडकीच्या आत्या. नुकत्या कुठे चालायला लागल्या होत्या तेव्हा पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतलं बळ गेलं. त्याची सगळी भरपाई निसर्गाने उजव्या मनगटात आणि जिभेत करून दिली, असं माझे सासरे म्हणतात. धाकटा भाऊ असल्यामुळे दोन्हींचा मार त्यांनी लहानपणापासून खाल्लेला आहे. आत्या व्हीलचेअरवर बसून टेबल टेनिस खेळत. खेळत म्हणजे, रविवारी चार जण जमून पत्ते खेळतात तसं नव्हे. नेटच्या पलीकडे बसलेल्या माणसाने आपल्या घराण्याचं फार मोठं नुकसान केलेलं आहे, अशा चेहऱ्याने त्या सर्व्हिस करत.

माझं लग्न ठरल्यावर सासूबाई मला त्यांच्या भेटीला घेऊन गेल्या, पण घरी नव्हे, तर खडकीतल्या कामगारांच्या क्लबात. मी वाकून जयभीम केला. त्यांनीही जयभीम म्हटलं आणि माझ्या हातात एक प्लास्टिकची बादली दिली. जमिनीवर सगळीकडे पांढरे चेंडू विखुरलेले होते. नवी साडी सावरत मी ते वेचत राहिले, आत्या पुन्हा मारत राहिल्या, आणि सासूबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे रोजचंच असल्यासारख्या चहा पीत राहिल्या. माणूस चेंडू कसा उचलून देतो त्यावरून त्याचा स्वभाव कळतो, हा आत्यांचा सिद्धान्त होता. फेकून देणारा उद्धट, हातात आणून ठेवणारा लाचार, टेबलावर घरंगळत सोडणारा बरा. शेवटी त्यांनी बॅट खाली ठेवली आणि माझ्यादेखतच सासूबाईंना निकाल सांगितला, "मुलगी पास आहे. वाकते, पण उगाच वाकत नाही."

हा क्लब म्हणजे त्यांचं माहेर. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे, दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी पाळी सुटली की ते मुलीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून क्लबात आणायचे, पायऱ्यांवरून खांद्यावर घ्यायचे आणि एका लाकडी खुर्चीत बसवून आपण कॅरम खेळायला जायचे. पोर बसल्या बसल्या टेबल टेनिस बघायची आणि न विचारता मोठ्याने गुण मोजायची. कुणी एक गुण चुकून जास्त सांगितला तर सगळ्यांसमोर दुरुस्त करायची. एके दिवशी एका भल्या माणसाला तिची दया आली आणि त्याने हौस म्हणून तिच्या हातात बॅट दिली. ती दया त्याला फार महागात पडली. वर्षाच्या आत तो आत्यांसमोर खेळायला टाळाटाळ करू लागला आणि पुढे त्याने कॅरम धरला, असं सासरे सांगतात.

आत्या पुढे सरकारी नोकरीत लागल्या, निवृत्त झाल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. एकट्याच राहायच्या, पण बाजार मात्र लंगर असल्यासारखा करायच्या. किरकोळ खरेदी हा त्यांना पराभव वाटे. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून त्या थेट मार्केट यार्डात जात आणि हमालाकडून पायाशी कांद्याचं पोतं ठेवून घेऊन खडकीपर्यंत विजयी मुद्रेने परत येत. मग ते कांदे सडू नयेत म्हणून आठवडाभर नातेवाइकांना फोन. वाघोलीला आमच्या फ्लॅटमध्ये कांदे नेहमीच त्यांचे असत, आणि ते आम्ही न्यायला उशीर केला यावरचं बोलणंही त्यांचंच.

दयेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. अपंगांच्या स्पर्धेला येणारे प्रमुख पाहुणे हा तर त्यांचा खास शत्रुवर्ग. एकदा एक पाहुणे उद्घाटनाला आले, भाषण झालं तरी जाईनात, आणि सामना सुरू होण्याच्या ऐन वेळी आत्यांच्या टेबलाला टेकून त्यांना सांगू लागले की तुमच्याकडे पाहून फार प्रेरणा मिळते. आत्यांनी शांतपणे विचारलं, "मिळाली ना? मग जरा बाजूला व्हा, सर्व्हिस माझी आहे." पंचांशी तर त्यांचं रोजचंच होतं. व्हीलचेअरवर खेळताना मांडी गादीवरून उचलायची नाही असा नियम आहे. एका तरुण पंचाला त्यांची मांडी उचलल्यासारखी वाटली आणि त्याने गुण समोरच्याला दिला. आत्यांनी बॅट मांडीवर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अहो पंच, ही मांडी मी दोन वर्षांची असल्यापासून उचललेली नाही. आज उचलली असेल तर आधी पेढे आणा, मग गुण काय द्यायचा तो द्या." हॉलभर हशा पिकला. गुण परत मिळाला नाही ते नाहीच.

अशा या आत्यांना सबंध महाराष्ट्रात एकाच व्यक्तीने नमवलं होतं, ते म्हणजे नागपूरच्या बाईंनी. बाई शाळेत शिक्षिका होत्या. तरुणपणी त्यांना स्नायूंचा एक आजार जडला, पाय हळूहळू गेले, आणि त्या खुर्चीवर आल्या. बाई गोल चेहऱ्याच्या, कायम हसऱ्या. त्यांचा चेंडूही त्यांच्यासारखाच गोड दिसायचा. नेटच्या अलीकडे येऊन असा काही मरून पडायचा की व्हीलचेअरवरच्या माणसाने तिथपर्यंत पोचावं तरी कसं! दर वर्षी राज्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला या दोघी समोरासमोर यायच्या आणि आत्या हरायच्या. कधी हॉलमधला पंखा जबाबदार असे, कधी दिवे, एकदा तर चहात घातलेलं आलं. हरल्यावर आत्या नेटवरून हात मिळवत आणि म्हणत, छान खेळलात, तुमच्या वयाच्या मानाने. बाई आत्यांहून लहान होत्या. त्या हसून म्हणायच्या, "ताई, तुम्ही हरून राहिल्या का मले रागवून राहिल्या, तेच समजत नाही."

मुक्कामाच्या जागी मात्र दोघींना एकच खोली लागे. बाई संत्रा बर्फी आणत, आत्या तिला 'साखरेला दाखवलेला संत्र्याचा वास' म्हणत आणि डबा संपवत. उकाड्यात पंखा किती वेगाने ठेवायचा यावर भांडण होई, आणि ते पुढच्या वर्षी जिथे सोडलं तिथून सुरू होई.

शेवटची स्पर्धा पुण्यातच होती. आत्यांचा उजवा खांदा तोवर कुरकुरू लागला होता आणि डॉक्टरांनी खेळ थांबवायला सांगितलं होतं. घरच्या मैदानावर नागपूरला हरवल्याशिवाय थांबणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं. मी शिकवते त्या कॉलेजातून रजा काढून त्यांना रोज सरावाला हॉलवर नेत होते. सामन्यांच्या आदल्या दिवशी बाई आल्या. खुर्ची दुसरं कोणीतरी ढकलत होतं. बाई तशाच हसल्या, पण त्यांच्या उजव्या तळव्याला बॅट पट्ट्याने बांधलेली होती. आजार हातापर्यंत आला होता.

अशा स्पर्धांत सामन्यांआधी डॉक्टर खेळाडूंना तपासतात आणि कोणाच्या अंगात किती ताकद उरली आहे ते पाहून गट ठरवतात. बाईंना तपासून त्यांनी जास्त तीव्र अपंगत्वाच्या गटात टाकलं. म्हणजे त्या आता आत्यांशी खेळणार नव्हत्या. हे कळल्यावर आत्यांनी खुर्ची थेट आयोजकांच्या टेबलाशी नेली आणि अर्धा तास त्यांचं डोकं खाल्लं. एका थकलेल्या गृहस्थांनी समजूत घातली की मॅडम, उलट तुमचाच रस्ता मोकळा झाला, यात तुमचा फायदाच आहे. "माझा फायदा तुम्ही ठरवू नका," आत्या म्हणाल्या, आणि आणखी बरंच काही म्हणणार होत्या. तेवढ्यात बाई जवळ आल्या.

"ताई, डॉक्टरनं बरोबर केलं वो," त्या म्हणाल्या. "मले आता पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही."

आत्यांचं तोंड उघडं होतं ते त्यांनी मिटलं. मग त्यांनी खुर्ची आयोजकांच्या टेबलापासून मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी आत्या अंतिम सामना जिंकल्या. समोर एक कॉलेजातली चुणचुणीत मुलगी होती, तिने चांगली झुंज दिली. बाईंना त्यांच्या गटात रौप्यपदक मिळालं. बक्षीस देताना पाहुण्यांनी प्रेरणेबद्दल भाषण केलं आणि आत्यांनी मान हलवून पदक गळ्यात घालून घेतलं. मला काळजी वाटली ती तेव्हा.

सूर्य मावळतीला आला, लोक पांगले, हॉलमधले कामगार टेबलं दुमडू लागले. आत्यांनी त्यांना हात करून कोपऱ्यातलं एक टेबल तसंच ठेवायला सांगितलं. मग त्या बाईंच्या खुर्चीशी गेल्या आणि म्हणाल्या, "चल गं." वर्षानुवर्षं 'अहो बाई' म्हणणाऱ्या आत्या त्यांना पहिल्यांदाच अगं-तुगं करत होत्या.

बाई म्हणाल्या की त्या थकल्या आहेत. मग टेबलाकडे पाहत राहिल्या. "पॉइंट सोडसान तर मी खेळत नाही," त्या म्हणाल्या.

"मी कोणाला सोडलाय आजवर?"

ज्या पंचाने पूर्वी कधीतरी मांडीचा गुण काढून घेतला होता, तो घरी निघाला होता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि न सांगता पंचाच्या खुर्चीत येऊन बसला. खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वेळात मला तो बघवेना. बाईंचा हात डावीकडे पुरत नव्हता. आत्यांच्या ते पहिल्याच काही चेंडूंत ध्यानात आलं, आणि तिथून पुढे त्या चेंडू डावीकडेच मारत सुटल्या. जोरात, नेहमीसारखा, घराण्याचा सूड घेतल्यासारखा. मी जाऊन त्यांना थांबवणार होते. पण बाईंचे डोळे चमकत होते. मधूनच त्यांचा तो जुना चेंडू निघे, नेटजवळ येऊन मरून पडे, आत्या पुढे झुकून फसत आणि बाई खुदकन हसत. कामगार टेबलं दुमडायची सोडून भिंतीला टेकून उभे राहिले होते.

आत्या जिंकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकल्या. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बाईंना धाप लागली होती. ती ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "आता सारे मले बॉल हळू देते, ताई. घरी, क्लबात, सारे. तुम्ही दिला नाही."

आत्या खुर्ची फिरवून त्यांच्या बाजूला गेल्या आणि बाईंच्या हातावरचा पट्टा सोडवू लागल्या. गाठ साधीच होती, पण त्यांना फार वेळ लागला.

 परतताना हॅरिस पुलावर गाड्यांची रांग लागली तेव्हा आत्या आपणहून म्हणाल्या, "डावीकडे तिचा हात पोचत नव्हता. मला दिसत होतं."

मी म्हटलं, "आत्या, त्यांना तेच हवं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मारले." 

त्यानंतर बाई कुठल्या स्पर्धेला आल्या नाहीत, आणि आत्यांनीही खांद्याचं कारण सांगून स्पर्धा सोडल्या. पंखे आणि दिवे दोषमुक्त झाले. मी कांदे आणायला गेले की कधी कधी त्या नागपूरला फोन लावून बसलेल्या असतात. बाईंची जीभही आता जड झाली आहे. एकेक शब्द सावकाश येतो, मधे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो. उभ्या आयुष्यात कोणाचं वाक्य पुरं होऊ न दिलेल्या आमच्या आत्या फोन कानाशी धरून, मला हाताने थांबायची खूण करून, बाईंचं वाक्य संपायची वाट बघत बसलेल्या असतात.