माणिकप्पा मास्तरांचे वीस जोर

आळंदकडच्या आमच्या सरकारी हायस्कुलात माणिकप्पा मास्तर ड्रिल शिकवायचे. मूळचे मादन हिप्परग्याचे पैलवान. मैदानावर त्यांचा कायदा एकच, चुकला की वीस जोर. उशीर झाला, वीस. हुतुतूत दम सुटून खोटं बोलला, वीस. सबब सांगितली तर चाळीस. ह्याच कायद्यावर आम्ही गुलबर्ग्याच्या पोरांना दोनदा धूळ चारली. कुणी काही म्हणो, मी संघात होतो, मला ठाऊक हाय.

मग हैदराबादेहून हुकूम आला. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, तवा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जो मास्तर उर्दूची परीक्षा पास होणार न्हाई, त्याची नोकरी गेली. माणिकप्पांना उर्दू बोलता यायची, पण लिहिलेलं एक अक्षर ओळखीचं नव्हतं.

हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, "शेत आहे ना तुम्हाला? तूर पेरा, सुखानं राहा."

"शेत हाय, साहेब. पण शेतात पोरं न्हाईत," मास्तर म्हणाले. "मी पोरांसंगं वर्गात बसतो."

आणि बसले की. महिनाभर धाकट्यांत अक्षरं गिरवली, मग आमच्यात आले. चाळिशीचा गडी, बाकावर मावेना. पहिल्याच दिवशी उर्दू शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांनी धडा वाचायला लावला, तर एका ओळीत तीनदा चुकले. मी फिसकन हसलो. खोटं कशाला बोलू, सकाळीच मैदानावर मास्तरांनी माझ्याकडून चाळीस काढून घेतले होते, त्याचा राग होता.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा न्हाई. कोट काढून घडी घातली, बाकांच्या मधल्या वाटेत हात टेकले आणि साठ जोर काढले. तीन चुका, साठ. मौलवीसाहेब पुस्तक मिटून थांबले.

मग हे रोजचंच झालं. दिवाळीपर्यंत आकडा शंभराच्या खाली येईना. मला वाटायचं, लाजून तरी सोडतील. कसलं काय! मधल्या सुट्टीत मैदानाच्या मातीत बोटानं अक्षरं काढायचे, आणि चुकलं की तिथंच वीस. शेवटी आम्हालाच ऱ्हावलं न्हाई. "मास्तर, इथं टिंब द्या," असं मीच सांगायला लागलो.

परीक्षा झाली. निकालाचा कागद शाळेच्या दारावर लागला, तोही उर्दूत. आम्ही आधीच वाचला होता, पण कुणी तोंड उघडलं न्हाई. मास्तर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आले आणि अकराव्यावर थांबले.

"माणिकप्पा वल्द शिवलिंगप्पा. कामयाब."

एकही चूक न्हाई. तरी त्यांनी कोट काढला.

"आता कामून, मास्तर?" मी म्हणालो. "बरोबर वाचलंत की."

"वर्षभर माझ्यापायी तुमचा धडा अडला. त्याचे," म्हणाले आणि खाली वाकले.

पहिल्या दिवशीचं माझं हसणं अजून फिटलं नव्हतं. मी सदरा काढला आणि त्यांच्या शेजारी हात टेकले.