आमच्या गोठ्यातली होडी

तापीकाठच्या आमच्या गावात माझ्या काकांचा आवाज असा, की त्यांनी बांधावरून हाक मारली तर धानोऱ्याच्या बाजारातले बैल थांबत. त्या उन्हाळ्यात तो आवाजही बसला. नदीतल्या बेटावर त्यांची टरबुजं पिकून पडलेली, आणि वरच्या अंगाला पाऊस होऊन बेटावर गाडी नेण्याचा उथळ उतार बुडाला. गावात नाव नव्हती. पाणी आणखी हातभर चढलं की पीक गेलंच.

तळोद्याच्या वरच्या डोंगरातला एक सुतार तेव्हा आमच्याकडे नांगर दुरुस्तीला आला होता. त्याने गोठ्यातल्या लाकडी गव्हाणीवर थाप मारली. "पाटील, हाई गव्हाण नही, डोंगी शे."

"मन्हा आजाना वखतनी गव्हाण शे! तू माले शिकाडी ऱ्हायना?" काका म्हणाले.

त्याने ती पालथी केली. एकट्याने केली असं मी आजवर सांगत आलो. खरं तर आम्ही सहा जण होतो. दोन्ही टोकं निमुळती, बूड गुळगुळीत, आणि बुडात ओळीने लाकडी खुंट्या. डोंगी म्हणजे एकाच खोडातून कोरलेली होडी; ती कोरण्याआधी खोडात बाहेरून सारख्या मापाच्या खुंट्या ठोकतात. आतून कोरताना खुंटीचं टोक लागलं की थांबायचं, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. आम्ही त्यांना किडीची बुजवलेली भोकं समजत होतो.

त्याने टोकाकडची खुंटी काढली, ती चार बोटं भरली. मधली जेमतेम दोन.

"बैलेसनी चाटी टाकी," तो म्हणाला. तीन पिढ्यांचे बैल त्यात मीठ चाटत आले होते.

दीड दिवसात त्याने खैराच्या नव्या खुंट्या बसवल्या आणि चिरांत सालईचा डिंक तेलात उकळून भरला. अट एकच घातली: ओझं दोन्ही टोकांना, मध्ये कोणी बसायचं नाही.

सहा खेपा बिनबोभाट झाल्या. शेवटच्या खेपेला काका स्वतः बेटावर गेले आणि परतताना ऐसपैस मध्येच बसले. काठ जवळ आला तसं बूड करकरलं, आत शिरलेलं पाणी घोट्याला लागलं. काकांनी फेकायला एक टरबूज उचललं.

"ठेवा ते. उतरा, पाटील. टरबुजेसले पाय नहीत, तुमले शेतस," टोकाला वल्हं मारणारा सुतार म्हणाला.

काका उतरले. छातीभर पाण्यातून, तोंडाने शिव्या देत, डोंगी ढकलत आले. टरबूज एकही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बेटावरचे वेल पाण्याखाली होते.