चार-मिथिलपेंटेन

नायगाव पूर्वेला एका टॉवरखालच्या गाळ्यात माझा बारावीच्या रसायनशास्त्राचा क्लास आहे. मी तापट आहे हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. पालक त्यालाच शिस्त म्हणतात, म्हणून माझं फावतं.

मागच्या वर्षी वसईतल्या एका वाडीवाल्याची मुलगी माझ्याकडे यायची. केळी, नागवेली, थोडा मोगरा अशी त्यांची वाडी. तिला नर्स व्हायचं होतं. बंध तिला उत्तम कळायचे. कार्बनला चार हात असतात म्हटलं की ती एकही हात रिकामा ठेवत नसे. पण संयुगाला नाव द्यायची वेळ आली की तिथं घोडं पेंड खायचं. पाच कार्बनची साखळी, उजवीकडून दुसऱ्या कार्बनवर मिथिलची फांदी. हे झालं दोन-मिथिलपेंटेन, कारण फांदी ज्या टोकाला जवळ, तिथून मोजायचं असतं. ही बाई डावीकडूनच मोजणार आणि चार-मिथिलपेंटेन लिहिणार. "चूक," मी म्हणायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. "पालथ्या घड्यावर पाणी," असं मी तिला सगळ्या वर्गासमोर म्हटलं आहे, आणि एकदाच नव्हे.

ती नापास झाली, फक्त रसायनात. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा होता. मी मुद्दाम त्यांच्या वाडीत गेलो, तिच्या वडिलांना सांगायला, की फॉर्म भरू नका, मुलीला आर्ट्सला घाला.

वडील घडाच्या वजनानं कललेल्या केळीला बांबूचा टेकू बांधत होते आणि मुलगी बांबू धरून उभी होती. "या सर," ते म्हणाले. "जरा एक काम कराल? चौथ्या रांगेत माझा कोयता राहिलाय, तेवढा आणा." मी फाटकापासून चार रांगा मोजल्या, वाकून वाकून शोधलं आणि परत येऊन ठामपणे सांगितलं, "तिथं नाही. कुणीतरी उचलला असेल."

मुलगी खाली बघून हसली. वडील म्हणाले, "सर, तुम्ही फाटकाकडून मोजलंत. आमच्यात विहिरीकडून मोजतात. पाणी जिथून येतं तिथं पहिली रांग. आजोबांच्या वेळेपासून हा नंबर बदलला नाय. बदलला तर तयार घड ऱ्हायचा नि कोवळा कापला जायचा."

मी मुलीकडे वळलो. "साखळी तू डावीकडूनच का मोजतेस?"

"तुम्ही फळ्यावर काढायला तिकडून सुरुवात करता ना, सर. म्हणून पहिला तो." ती पुढे म्हणाली, "एकदा ठरलेला नंबर फांदी बघून बदलायचा, हे मला चीटिंग वाटतं."

वर्षभरात हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता. मला लाज वाटली, पण ते मी बोललो नाही. "साखळीला पहिलं टोक नसतंच," मी म्हणालो. "कागद उलटा धरला तरी पदार्थ तोच राहतो. कुणीही कुठल्याही बाजूनं बघितलं तरी एकच नाव यावं, म्हणून फांदीजवळच्या टोकाकडून मोजतात."

टेकू बांधून झाल्यावर तिनं काडीनं मातीत साखळी काढली आणि दोन्ही बाजूंनी मोजली. "दोन," ती म्हणाली. "मग हे आधी सांगायचं ना, सर."

जे सांगायला आलो होतो ते मी गिळलं, आणि फॉर्म आजच भरा असं सांगून निघालो.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. निकाल दाखवायला क्लासवर आली, तेव्हा मी फुशारून विचारलं, "बघ, जमलं की नाही? आता नर्सिंगला अ‍ॅडमिशन कधी?"

"जाऊन आले, सर. सीटा भरल्या. पुढच्या वर्षी ये म्हणाले. तोवर बाबांना वाडीत मदत करीन."

तिनं मला दोष देणारा एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं. तिचं एक वर्ष मी घेतलं होतं, आणि ती मलाच थँक यू म्हणून गेली.